नवीन ते खरं

१

ऑफिसात त्याला सगळे कुलूपराव म्हणत, आणि ते उगीच नव्हे. कंपनीचे सर्व्हर सांभाळणं हे त्याचं काम. पाणी प्यायला उठला तरी स्वतःच्या कॉम्प्युटरला कुलूप घालून उठणार. कुणी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवलेला दिसला, की त्या माणसाकडे असा बघणार की त्या बिचाऱ्याने घरी जाऊन आधी कपाट तपासावं.

घरीही तोच खाक्या. क्लाऊडवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "भाड्याच्या खोलीत ट्रंका ठेवण्यातला प्रकार आहे हा," तो म्हणे. "मालक गोड बोलतो तोवर ठीक. एक दिवस कुलूप बदलतो, मग बसा दाराबाहेर." म्हणून फोटो, कागदपत्रं, आवाज, सगळं त्याने क्लाऊडवरून उचलून घरी आणलं. एक लहानसं मशीन, तेही बायकोच्या शिवणाच्या खोलीत, कापड बेतायच्या टेबलाखाली. त्यावरचे प्रोग्रॅम झाडून सगळे ओपन सोर्स. कुणी कुठे हौसेने लिहिलेले, फुकट, आणि आतलं सगळं उघडं. वाचता येत असेल तर ओळ न् ओळ वाचा. ह्याचं त्याला भारी अप्रूप होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण कुलूपरावाला ती मूठ उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नसे.

बायको ह्या सगळ्याला हसे. ती घरीच लोकांचे कपडे शिवायची. हात सदा कामात, ओठांत टाचण्या, त्यामुळे काही लक्षात ठेवायचं असलं की ती लिहीत नसे, फोनमध्ये बोलून ठेवी. "कमरेत दोन बोटं आत घ्यायची," "काळा दोरा संपला," असलं काहीबाही, टाचण्यांमधून गुळमुळीत. ते सगळं फोनमधून आपोआप टेबलाखालच्या मशीनवर जाऊन बसे.

मग ती आजारी पडली, आणि त्या आजारातच गेली.

कुलूपराव रडला नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस. धीर कसला आलाय! आत सामसूम होती, एवढंच. तो वेळेवर उठे, वेळेवर जेवे, घरूनच ऑफिसचं काम करी आणि मुलीला शाळेत सोडी. मुलगी लहान, दुसरीतली. तुरुतुरु पळायची म्हणून आईने तिचं नाव खारू ठेवलं होतं. आता ती पळत नव्हती आणि फारसं बोलतही नव्हती. फक्त सकाळी बाबा केस विंचरायला बसला की आईचा एक आवाज लावायला सांगे. "खारूच्या वेण्या घट्ट घातल्या की बोंब मारते कार्टी. उद्या सैल घालायच्या. पण सुटल्या तर मला सांगू नकोस." एवढाच तो. तो ऐकताना मान सरळ ठेवायची आणि विंचरून घ्यायची. बापलेकीचा दिवस त्या आवाजावर उभा होता.

२

चूक झाली ती भर दुपारी, अगदी शहाण्यासारखं वागताना.

खारूला आईचा फोन हवा होता. द्यायला काहीच हरकत नव्हती, पण तो इतका गच्च भरलेला की धड उघडतही नसे. कुलूपरावाने विचार केला, सगळं घरच्या मशीनवर आहेच, फोन रिकामा करून देऊ. आणि केला.

ह्या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवायचं. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं, आणि तेही विनातक्रार. हे कुलूपरावानेच ऑफिसातल्या किती नवख्यांना बोट नाचवून सांगितलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तो चहा करून परत येईपर्यंत मशीनने आपलं काम चोख केलं होतं. बायकोचा एकही आवाज शिल्लक नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खारूने फोनवर बोट ठेवलं. काही वाजलं नाही. तिने परत ठेवलं. मग फोन पालथा करून मांडीवर ठेवला आणि मान सरळ केली.

"विंचर," ती म्हणाली.

त्या दिवसानंतर ती तेवढंही बोलेना. शाळेतून बाईंचा फोन आला की ती वर्गात हजेरीलासुद्धा 'हजर' म्हणत नाही.

३

तिसरी प्रत आठवायला त्याला दोन-चार दिवस लागले. एरवी झोपेतही आठवली असती.

घरातल्या वस्तूची एक प्रत दुसऱ्या घरात हवी, हा त्याचा नियम. आग लागते, चोरी होते. म्हणून दुसऱ्या गावी राहणाऱ्या धाकट्या बहिणीच्या घरी, तिच्या टीव्हीमागे, त्याने एक डबा लावून ठेवला होता. रोज दुपारी इथलं नवं सगळं तिकडे जाऊन पडे. आणि तो सिंक नव्हता, खराखुरा बॅकअप होता. इथे पुसलेलं तिथे पुसलं जात नसे.

त्याने इथूनच हाक दिली. डब्याने ओ दिली. बायकोचे सगळे आवाज तिथे सुखरूप होते.

त्याला आनंद झाला नाही. तो लगेच कामाला लागला. ते आवाज परत आणताना प्रोग्रॅमने नेहमीचा प्रश्न विचारला: दोन्हीकडची नोंद वेगळी निघाली तर कुठली ठेवायची? त्याने नेहमीचं उत्तर दिलं. नवीन असेल ती. नवीन ते खरं. आणि दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्याने आणखी एक केलं. दोन्ही घरं कायमची एकमेकांना जोडून टाकली. जे इकडे नवं होईल ते तिकडे, तिकडे होईल ते इकडे. आता काही हरवायला नको.

सकाळी खारूने आवाज ऐकला. "बोंब मारते कार्टी," आई म्हणाली. खारूने मान मागे टाकून डोकं बाबाच्या पोटाला टेकवलं. विंचरायची पंचाईत झाली, पण त्याने तिला हलवलं नाही.

४

त्याच आठवड्यात, दुपारी, यादीत एक आवाज त्याने कधी न ऐकलेला दिसला. त्याने लावला.

"खारूच्या गणवेशाची उंची सोडायची. गुडघ्याच्या वर चाललाय. पोरगी वाढतेय नुसती."

टाचण्यांमधून, नेहमीसारखं. मागे शिलाई मशीनचा खटखट आवाज. तारीख कालची.

कुलूपराव घाबरला नाही. घाबरायला आत कुणीतरी जागं असावं लागतं. डब्यातल्या घड्याळाची बॅटरी गेली असणार, त्याने ठरवलं. जुन्या डब्यांचं होतं असं, मग तारखा वाटेल त्या पडतात. तरी खात्री असावी म्हणून त्याने प्रोग्रॅम उघडून वाचला. ओळ न् ओळ. कुठे काही लपवलेलं नव्हतं. सगळं उघडं होतं, आणि सगळं बरोबर होतं.

खारू शाळेतून आली. त्याचं लक्ष गेलं, गणवेश खरंच गुडघ्याच्या वर गेला होता. पण तो आत्ताआत्ता आखूड झाला होता. आई होती तेव्हा चांगला पोटरीपर्यंत यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा पोटरीपर्यंत आला होता. जिथे जुनी दुमड होती तिथे कापडाचा रंग गडद राहिला होता, आणि खाली नवी टीप. बारीक, सरळ, एका रेषेत.

"ही कुणी सोडली गं?"

"आईने."

"कधी?"

"मघाशी," खारू म्हणाली, आणि 'बाबालाही काही कळत नाही' असा चेहरा करून दप्तर भरायला लागली.

शिवणाच्या खोलीत जाऊन त्याने बघितलं. शिलाई मशीनवर कापडाची खोळ तशीच होती, दोरी बांधलेली. टेबलाखाली त्याचं मशीन घुं घुं करत होतं. त्याने खोळीवर हात ठेवला. खाली काहीतरी कोमट होतं, जसं नुकतंच थांबवलेलं मशीन असतं.

५

मग रोज दुपारी एकेक येऊ लागला. काळा दोरा. गिऱ्हाइकाची बाही. आणि एक दिवस हा:

"शाळेत जाऊन बाईंना भेटायचं. खारूचा बाबा गेल्यापासून पोरगी तोंड उघडत नाही म्हणतात. आता उघडायला लागलीय म्हणावं. हळूहळू येईल मार्गावर."

कुलूपरावाने तो पुन्हा लावला, आणि पुन्हा. दर वेळी तेच शब्द. त्याच्याखाली आणखी एक होता.

"त्याचे शर्ट कपाटात नुसते लटकलेत. कापून खारूला काहीतरी करावं."

तो उठून कपाटाशी गेला. त्याच्या बाजूला रिकामे हँगर होते. एका रांगेत, थोडे हलणारे. अंगात होता तो निळ्या चौकटीचा शर्ट, तेवढा एकच काय तो उरला होता.

माणसाने असं झालं की ओरडावं, शेजाऱ्यांना बोलवावं. त्याने कपाट बंद केलं आणि उद्या काय घालायचं ह्याचा विचार करत उभा राहिला.

तेवढ्यात दारात बहीण. येणार आहे म्हणाली होती, हा विसरला होता. तिने चप्पल काढली आणि पिशवीतून एक डबा काढून त्याच्या हातात दिला.

"घे दादा, तुझं हे लोढणं."

टीव्हीमागचा डबा. वायर गुंडाळून रबर लावलेलं.

"कधी काढलास हा?" त्याने विचारलं.

"झाले की किती महिने! वहिनी दवाखान्यात होती तेव्हाच. त्याचा तो दिवा लुकलुक करायचा, डोळ्याला डोळा लागेना माझ्या. म्हटलं, तुझ्या मागे एवढा ताप, त्यात हे कुठे सांगू. रागावू नकोस हं."

डबा गार होता. त्याच्या जाळीत धूळ साचून घट्ट झाली होती. आणि शिवणाच्या खोलीत टेबलाखालचं मशीन कुणाकडून तरी घेत होतं, कुणाला तरी देत होतं. त्याने आत जाऊन पलीकडच्या मशीनला विचारलं, तू कोण? पलीकडून नाव आलं. ते ह्याच मशीनचं होतं, ह्याच घरातलं, ह्याच खोलीतलं.

"अरे, काय झालं? पांढराफटक पडलास," बहीण म्हणाली.

"काही नाही. चहा टाकू?"

चहा झाला. खारू आत्याच्या मांडीवर बसून बडबडली, शाळेतल्या कुणाचा तरी दात पडला ती गोष्ट साभिनय सांगितली. बहिणीने डोळे पुसले. "बोलायला लागली की रे!" जाताना दारात चप्पल घालता घालता तिने आतल्या खोलीकडे बघून सवयीने आवाज दिला, "वहिनी, येते गं!" आणि जिना उतरून गेली. आपण काय बोललो ते तिच्या लक्षातही आलं नाही.

६

वायर ओढायची, की संपलं. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण वायर ओढली असती तर खारूचं बोलणं गेलं असतं, ती दाताची गोष्टही गेली असती. म्हणून त्याने आपल्या धंद्यातलं केलं. चाचणी घेतली.

खारू शेजारच्या खोलीत गुणगुणत होती. त्याने आपला फोन तोंडाशी धरला आणि बोलून ठेवलं, "हॅलो. चाचणी. मी बोलतोय."

आवाज टेबलाखालच्या मशीनवर जाऊन बसला, आणि गुणगुणणं मधेच तुटलं.

तो जाऊन बघतो तर खारू पलंगाच्या कडेला बसलेली, एक बूट पायात, एक हातात, नजर भिंतीवर. गणवेश गुडघ्याच्या वर. कपाटात सगळे शर्ट. त्याने तिला हाक मारली, जवळ घेतलं, हलवलं. ती हातातल्या बुटासारखीच गप्प होती.

दुपारी पलीकडून नवा आवाज आला. शर्ट गेले, खारू दोरीच्या उड्या मारायला लागली, आणि पाय आपटून म्हणाली, "आई, मोज ना माझ्या उड्या!"

एकदा झालं तर योगायोग म्हणून सोडून देता येतं. त्याने दुसऱ्यांदा केलं, आणि तिसऱ्यांदाही. दर वेळी तसंच. प्रोग्रॅममध्ये दोष नव्हता. त्याने स्वतः घालून दिलेला नियम ते मशीन इमानेइतबारे पाळत होतं. जो शेवटचा बोलला त्याचं घर खरं. तिसऱ्या खेपेला तर खारू दाराच्या चौकटीला धरून इतका वेळ उभी राहिली, की त्याने चौथी चाचणी घेतली नाही.

एकच शंका उरली. ती तीच कशावरून? आवाज काय, कुणीही काढेल. लेक हवाली करायची तर कुणाच्या, हे बापाला कळायला नको?

एका दुपारी शिवणाच्या खोलीतून खटखट ऐकू आली. दार पुढे केलेलं, पण पुरतं लागलेलं नव्हतं. त्याने फटीला डोळा लावला. खोळ जमिनीवर पडली होती. मशीनवर कुणी वाकलं होतं. मानेवर पिवळी मोजपट्टी. कानामागे केसांची बट, जी ती काम करताना खांद्याने मागे सारायची. आत्ताही सारली. मग चेहरा? चेहरा दिसत नव्हता. सुईखाली निळ्या चौकटीचं कापड सरकत होतं. बाही उसवून वेगळी केलेली, कॉलर बाजूला पडलेली.

त्याने स्वतःकडे बघितलं. निळ्या चौकटीचा शर्ट अंगातच होता. फक्त खांद्यापाशी, शिवणीच्या रेषेवर, त्याला गार वारा लागत होता.

दार ढकलायला बोटभर जोर पुरला असता. त्याने ढकललं नाही. आतली व्यक्ती वळली असती, आणि ती ती नसती, तर पुढे काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि ती ती असती, तरीही नव्हतं.

७

ऑफिसातून कुणाचा फोन येईनासा झाला. त्याने पाठवलेल्या कामांना उत्तर नव्हतं. टेबलावर दोनच ताटं मांडली जात, आणि खारू दोघींचं पाणी घ्यायची. ती आता तुरुतुरु पळायची. त्याच्या अगदी अंगावरून, वळसा न घालता.

त्या दुपारी तो पलंगावर बसला होता. दारात खारू आली. निळ्या चौकटीचा फ्रॉक, नवा कोरा, पुढे दोन खिसे. हातात आईचा फोन. तिने खोलीभर नजर फिरवली. त्याच्यावरूनही फिरवली.

मग तिने आवाज घ्यायचं बटण दाबलं आणि फोन तोंडाशी धरला.

"बाबा, आई म्हणाली, तुझी आठवण आली की ह्यात बोलायचं. ती बोलते तसं." ती जरा थांबली. "मी आज हजेरीला 'हजर' म्हणाले. इतक्या मोठ्याने म्हणाले की बाई हसल्या. आणि हा फ्रॉक तुझ्या शर्टाचा आहे. टोचत नाही."

बटण दाबलेलंच होतं. तिने फोन तोंडापासून काढला आणि हात लांब करून खोलीत पुढे धरला, दोन माणसं बोलत असताना मधे धरतात तसा.

"आता तू बोल," ती म्हणाली.

फोन त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. एक शब्द पुरला असता. "खारू" एवढाच. तो शेवटचा ठरला असता, नवा ठरला असता, आणि खरा ठरला असता. तिने त्याच्याकडे बघितलं असतं. आणि मग पलंगाच्या कडेला बसली असती, एक बूट पायात, एक हातात.

त्याने ओठ मिटून धरले.

आणि इतके महिने जे आलं नव्हतं ते नेमकं तेव्हा आलं. पोटातून वर चढलं, डोळ्यांतून घळाघळा वाहायला लागलं. त्याला हुंदका आवरेना. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, उशी ओढून तोंडावर धरली, श्वाससुद्धा आत कोंडला. फोन सगळं ऐकत होता, आणि त्यात त्याचा आवाज जाता कामा नये होता.

खारू हात लांब करून बराच वेळ उभी राहिली.

"बरं," शेवटी ती म्हणाली. "उद्या बोल." तिने बटण सोडलं आणि आईला सांगायला पळाली.